गरीची तिथी वेगळी, बुडीची वेगळी: एप्रिल-मेमधला मालवणचा समुद्र

सुट्टीत तारकर्ली-देवबागला आलेली मंडळी बहुतेक वेळा एकाच दिवशी सकाळी स्कूबाची बुडी आणि संध्याकाळी गरी, म्हणजे गळाने मासेमारी, असा बेत आखतात. त्यातलं एक फसतंच. गरीला वाहतं पाणी लागतं, बुडीला थांबलेलं. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघा.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तो मुंबईच्या बाजूला बसतो. मालवणात भरती आधी लागते, त्यामुळे उत्तरातून पाऊण तास वजा करा. दशमीचे साडेसात येतात, म्हणजे इथे पावणेसात. द्वादशीचे नऊ, म्हणजे सव्वाआठ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू. हा अंदाज अर्ध्या तासाने चुकू शकतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

बुडीसाठी दशमी ते द्वादशी हे दिवस सोयीचे. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी जोराची, भरती नुकतीच होऊन गेलेली असते, ओढ कमी असते, आणि पूर्ण भरती नेमकी सकाळी येते. भरती संपताना बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेलं असतं. सुकती (ओहोटी) लागली की कर्ली नदीचा गाळ देवबागच्या मुखातून बाहेर पडतो आणि पाणी गढूळ होतं. त्या मुखाशी सुकतीत पोहायला तर उतरूच नका; ओढ अंगावर आल्यावरच कळते.

दुसरं गणित वाऱ्याचं. पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे समुद्र सपाट ठेवतात. दहा-अकरानंतर खारे वारे धरतात, पाण्यावर आखूड लाटा उठतात आणि तळाची वाळू उठते. दुपारची बुडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. मेच्या मध्यानंतर आणखी एक गोष्ट पाहा: वारा नसतानाही लांब, संथ लाटा येत असतील तर ती दक्षिणेकडच्या दूरच्या वादळाची लाट असते. इन्कॉइस या सरकारी महासागर माहिती केंद्राच्या सागरी अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर तिचा कालावधी, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, दिलेला असतो. तो 14 सेकंदांच्या पुढे असेल तर खडकावर उभं राहून गरवू नका, कारण दहा मिनिटं शांत असलेला खडक अकराव्या मिनिटाला धुऊन निघतो.

पाणी 29-30 अंशांच्या आसपास असतं, जाड सूट लागत नाही. जेलीफिश आणि उन्हासाठी लांब बाह्यांचा पातळ अंगरखा पुरे. सर्दी असेल तर बुडी रद्द करा. कानातला दाब सारखा करायला नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची ती कान दुखण्याआधी, उतरताना दर अर्ध्या मीटरला. दुखलं तर एक मीटर वर या, जोर लावू नका. चिपी किंवा मोपाहून विमान पकडायचं असेल तर एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर 18 तास थांबा. प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

गरीसाठी अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस. तेव्हा भरती साडेदहा ते बाराच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे उजाडताना पाणी चढत असतं आणि मासा खायला कडेला येतो. जागा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या सागरी अभयारण्याबाहेरची निवडा. 1987 पासूनच्या या अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे.

वाळूवर मुडदुशी (लेडीफिश) धरायची तर 0.30 मिलिमीटरचं तंगूस (नायलॉनचा दोरा), 8 नंबरची गरी (गळ) आणि 30 ग्रॅम शिसं. शिसं तंगुसात मोकळं सरकतं ठेवा, खाली फिरकी (दोन दोरे जोडणारी फिरती कडी), फिरकीपासून हातभर दोरा आणि टोकाला गरी. मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. आमिष म्हणजे सुंगटाचा (कोळंबीचा) नखाएवढा तुकडा. मोठा लावला की मुडदुशी नुसतं कुरतडते. खडकाजवळ तांबोशी-हेकरूसाठी तंगूस 0.50 आणि गरी 2/0, पण शिसं मात्र बारीक दोऱ्याने वेगळं बांधा. कपारीत अडकलं तर तेवढंच तुटतं, मासा हाती राहतो. उन्हात सुंगटं तासाभरात मऊ पडून गरीवरून सुटतात. सोलून जाडं मीठ चोळून बर्फावर ठेवली की घट्ट राहतात.

शेंगटी (कॅटफिश) लागली तर हाताने सोडवू नका. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. काटा लागलाच, किंवा पाकटाने (शेपटीला काटा असलेल्या चपट्या माशाने) मारलं, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवा आणि मग दवाखाना गाठा. पाणी दुसऱ्या कोणीतरी हात घालून तपासावं, दुखऱ्या हातापायाला चटका कळत नाही.

पकडलेला मासा लगेच बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या काल्यात घाला. बांगडा आणि सुरमई उन्हात तासन् तास पडली तर मांसात हिस्टामिन तयार होतं. ते तळून किंवा शिजवून जात नाही, आणि वासही नेहमी येतोच असं नाही.