आमदारांच्या ऑफिसात काम करायचंय? आधी जागा कोणाची ते विचारायला शिका

राज्यशास्त्राची पदवी घेऊन जनसंपर्क कार्यालयात येणाऱ्या मुलामुलींना तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी, कपात सूचना, विधिमंडळातली ही सगळी आयुधं तोंडपाठ असतात. चांगलंच आहे. पण अधिवेशनं वर्षाला तीन, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपूरला. उरलेलं वर्षभर दारात माणसं असतात आणि त्यांच्या हातात अर्ज असतात. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, नगरसेवक गेले, प्रशासक आला आणि तुंबलेल्या ड्रेनेजचे फोनसुद्धा थेट आमदारांकडे यायला लागले. लोकांना तेव्हा जी सवय लागली ती लागलीच.

दवाखान्याची कामं सर्वांत जास्त येतात, ती पटकन सांगतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. नातेवाईक मात्र येतात ते डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात घेऊन. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पेशंट दाखल होतानाच द्यायला लावा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतल्या शाळाप्रवेशासाठी कोणी पत्र मागितलं तर स्पष्ट सांगा, ती ऑनलाइन सोडत आहे, पत्राने काहीही होत नाही. खोटी आशा दाखवणारा कार्यकर्ता मला डोळ्यांसमोर नको असतो.

आता जिथे सगळे अडकतात, मीसुद्धा अडकलो, तिथे येतो. जागा कोणाची?

लोक म्हणतात, रस्ता करून द्या. तुम्ही लेटरहेडवर महापालिकेच्या पथ विभागाला पत्र लिहिता, पत्र पोचल्याच्या नोंदीचा म्हणजे आवक क्रमांकाचा शिक्का घेता आणि खूश होता. काही आठवड्यांनी उत्तर येतं, ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ मग कोणाच्या येतो, ते मात्र लिहीत नाहीत. पुण्यात हे फार होतं, कारण इथे चालता चालता मालक बदलतो. बायपासजवळ महामार्ग प्राधिकरण, टेकडीवर वनविभाग, कॅम्पात संरक्षण मंत्रालयाखालचं कॅन्टोन्मेंट बोर्ड. पुणे कॅन्टोन्मेंट नावाच्या मतदारसंघात महापालिकेचाही भाग येतो, म्हणजे मतदार एकाच आमदाराचे आणि गटारं दोन संस्थांची. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा कालव्याची भिंत फुटली तेव्हा पाणी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत शिरलं, पण कालवा जलसंपदा विभागाचा. त्या कालव्याच्या कडेने कुणाला रस्ता हवा असेल तर महापालिकेला दहा पत्रं लिहून उपयोग नाही, आधी जलसंपदाचं ऑफिस, सिंचन भवन गाठावं लागतं.

आणि फक्त देखभाल कोणाची एवढं विचारून भागत नाही. जमीन कागदावर कोणाच्या नावावर आहे तेही बघावं लागतं. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथले कित्येक रस्ते लोक वर्षानुवर्षं वापरतात, पण सातबाऱ्यावर अजून कुणाची तरी शेतीच आहे. तुम्ही डांबर टाकायला गेलात की भाऊबंद जेसीबीपुढे उभे राहतात, आणि त्यांचं चूकही नसतं. मोठ्या रस्त्यांचंही तेच. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा व्हायचा होता, तो भूसंपादनापायी ५० मीटरवर आणावा लागला.

आमदार निधीत तर हे जास्तच नडतं. निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे, त्यामुळे लोकांना वाटतं साहेबांनी सही केली की काम सुरू. आमदार फक्त शिफारस करतात. अंदाजपत्रक काम करणारी यंत्रणा बनवते, त्याला तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि जागा ज्याची त्याची ना-हरकत लागते. पैसे आहेत, शिफारस आहे, नारळ फोडायची तारीख ठरलीय, आणि ना-हरकत नाही! पुढे मार्च येतो आणि आर्थिक वर्ष संपतं.

म्हणून पत्र टाइप करण्याआधी अर्जदाराला घेऊन जागेवर जा. गट नंबर विचारा, सातबारा काढा. जुन्या पेठांत सातबारा मिळणार नाही, तिथे नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक लागतं. मग क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला गाठा आणि हा रस्ता तुमच्या यादीत आहे का, एवढंच विचारा. त्याला ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणू नका, चहा पाजा. पुन्हा सांगतो, आधी मालक, मग पत्र.

‘साहेबांना एक फोन मारायला सांगा’ हा सगळ्यांचा लाडका शॉर्टकट. फोनने काम होतं, नाही असं नाही. पण अभियंत्याची बदली झाली की तो फोनही त्याच्याबरोबर जातो, मागे उरतो तो आवक क्रमांक. शिकायचं असेल तर निवृत्त नायब तहसीलदार किंवा शाखा अभियंता शोधा, असा माणूस मतदारसंघात एक तरी सापडतोच. ‘मी बघतो’ म्हणून खांद्यावर हात टाकणाऱ्या भाऊंपासून लांब राहा. ते काही बघत नाहीत.

सुरुवातीला लोक तोंडावर ओरडतील. घाबरू नका, तो माणूस तुमच्याकडे येण्याआधी चार टेबलं फिरून आलेला असतो. अर्ज घ्या, नंबर लिहून घ्या, आणि काम आपल्या हातातलं नसेल तर त्याच दिवशी सांगा. नाही ऐकून माणूस चिडतो, पण तीन महिने हेलपाटे घालून नाही ऐकलं की तो ते मतदानाच्या दिवशी लक्षात ठेवतो.

आणि ती ‘अखत्यारीत येत नाही’वाली उत्तरं फाडू नका. महापालिका म्हणते जागा जलसंपदाची, जलसंपदा म्हणतं देखभाल महापालिकेची, अशी दोन लेखी उत्तरं एकाच फाइलला लावलीत की तुमचा तारांकित प्रश्न अर्धा तयार झाला. मंत्र्यांना सभागृहात त्यावर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तराची टिपणी मागवली गेली की खालची टेबलं हलायला लागतात. फक्त प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. नागपूरची बॅग भरताना फाइल शोधायला बसलात तर ती पुढच्या अधिवेशनाला लागेल.