बदलाच्या काळात साहेबांचा कोच व्हायचं असेल तर

भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मी सोळा वर्षं एचआरमध्ये काढली. आता एक्झिक्युटिव्ह कोच म्हणून काम करते, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना सल्ला न देता प्रश्न विचारून त्यांचं उत्तर त्यांनाच शोधायला मदत करते, आणि तेही एकाच प्रकारचं काम. ज्या कंपनीत काहीतरी मोठं बदलतंय, तिथल्या प्लँट हेडसोबत किंवा व्हाइस प्रेसिडेंटसोबत दर दोन-तीन आठवड्यांनी बसायचं. दोन कंपन्या एक झाल्या, नवी सिस्टिम आली, मालकाच्या मुलाने कारभार हाती घेतला, असं काहीही असू शकतं. या कामात यायची इच्छा असलेले लोक मला आधी विचारतात, "मॅडम, कोर्स कोणता करू?" कोर्सचं पुढे सांगते. पण सुरुवात तिथून करू नका.

आधी आठवा, तुमच्या अंगावरून कोणता बदल गेलाय? माझ्यापुरतं सांगते. आंतरराज्य विक्रीवरचा सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत मालाचे डेपो ठेवायच्या. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि त्यांतल्या बऱ्याच डेपोंची गरज संपली. आमच्याकडे अकरा जणांना तसं सांगायचं काम माझ्यावर आलं. पत्रं मीच टाइप केली होती. एका डेपोकीपरने पत्र पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, चावी कोणाकडे द्यायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिने चाललेल्या नियोजनात चावीचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. असा एखादा प्रसंग तुमच्याकडे असेल तर तो सविस्तर लिहून काढा. समोरचा साहेब कशातून जातोय हे तुम्हाला त्यातूनच कळणार आहे.

आता शिक्षण. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ, ही १९९५मध्ये सुरू झालेली संस्था. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा तिचंच प्रमाणपत्र विचारतात. पहिली पायरी एसीसी: किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग. पुढची पीसीसी: १२५ तास प्रशिक्षण, ५०० तास कोचिंग. शिवाय मेंटर कोचकडे, म्हणजे तुमचं कोचिंग ऐकून त्यावर मत देणाऱ्या अनुभवी कोचकडे, १० तास, तेही किमान तीन महिन्यांत विभागून, आणि परीक्षा. कोचिंगच्या तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर आठवून लिहिताना फार जड जातं. माझे पहिले तास एका शाळेच्या मुख्याध्यापिका, एका पतसंस्थेचे व्यवस्थापक आणि नात्यातला एक दुकानदार यांच्यासोबत झाले. फी नाममात्र घेतली, पण घेतली, कारण १००पैकी ७५ तास पैसे घेऊन केलेले असावे लागतात.

बदलावरचे सिद्धांत भरपूर आहेत. मला रोज उपयोगी पडतो तो बदलावर लिहिणारे अमेरिकन लेखक विल्यम ब्रिजेस यांनी केलेला फरक: बदल बाहेर घडतो, आणि माणसाचं स्थित्यंतर आत, त्याच्या गतीने होतं. त्याची सुरुवातही काहीतरी संपण्यापासून होते. प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका कामावरून सांगते, ओळखीचे तपशील बदलून.

एका कारखान्यात सॅप, म्हणजे सगळ्या नोंदी संगणकावर ठेवणारी सिस्टिम, आलं होतं. प्लँट हेड तिसऱ्या सेशनला चिडूनच आले. "मेंटेनन्सचा एक जुना सुपरवायझर सगळं अडवून बसलाय. एंट्रीच करत नाही. विरोध करायचाच ठरवलंय त्याने."

मी विचारलं, "सिस्टिम यायच्या आधी ते काय करायचे?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लाल वह्या असायच्या त्यांच्या. कोणतं मशीन कधी बंद पडलं, कुठलं बेअरिंग टाकलं, सगळं. बावीस वर्षांचं."

"आता कुठे आहेत त्या वह्या?"

ते गप्प झाले, आणि मीही गप्प राहिले. या कामात सगळ्यात अवघड गोष्ट हीच. एचआरच्या सवयीने माझ्या ओठांवर तीन उपाय आले होते. ते मी गिळले. मिनिटभराने साहेब म्हणाले, "माहीत नाही."

पुढच्या सेशनला त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते सेकंड शिफ्टला शॉप फ्लोअरवर गेले होते. सात वह्या ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या निघाल्या. "काका, यातलं सिस्टिममध्ये काय काय गेलं?" असं विचारल्यावर उत्तर आलं, "कोणी मागितलंच नाही, साहेब." मग दोन शनिवार आयटीचा एक मुलगा काकांशेजारी बसला आणि वह्यांमधला इतिहास भरत गेला. एंट्री कशी करायची हे काका त्याच्याकडूनच शिकले. त्या जागी मी सल्लागार असते तर ट्रेनिंग प्रोग्रॅम सुचवून मोकळी झाले असते आणि वह्या ड्रॉवरमध्येच राहिल्या असत्या. म्हणून सेशन होईल तितकं कारखान्यातच ठेवा, हॉटेलच्या लॉबीत नको. आणि साहेब मराठी असेल तर मराठीत बोला. इंग्रजीत लोक 'रेझिस्टन्स' म्हणून मोकळे होतात, मराठीत त्यांना माणसाचं नाव घ्यावं लागतं.

एक चूक मी केली आहे, ती तुम्ही करू नका. सुरुवातीच्या एका कामात एचआर प्रमुखांनी चहा पिता पिता विचारलं, "काय म्हणतायत आमचे साहेब?" मी म्हणाले, "जरा थकलेत." एवढंच. पंधरा दिवसांत साहेबांच्या कानावर आलं की त्यांना नवी जबाबदारी झेपेल का, अशी चर्चा वर चालू आहे. ते पुन्हा माझ्याशी मोकळं बोलले नाहीत आणि काम चौथ्या सेशनला संपलं. तेव्हापासून मी काम सुरू होण्याआधी तिघांची बैठक घेते: साहेब, त्यांचे वरिष्ठ किंवा एचआर, आणि मी. उद्दिष्टं तिथेच ठरतात. कागदावर लिहिलेलं असतं की कंपनीला फक्त किती सेशन झाली ते कळेल. प्रगतीबद्दल जे सांगायचं ते साहेब स्वतः सांगतील. चहावरच्या प्रश्नाला माझं एकच उत्तर असतं, "त्यांनाच विचारा ना."

पैशांचं थोडक्यात. फी सहा महिन्यांच्या पूर्ण कामाची सांगा, तासावर लावू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, दर १८ टक्के. टीडीएस १० टक्के कापला जातो, तो धरूनच हिशेब करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, करून घ्या. लेखी करार असेल तर तुमचं बिल ४५ दिवसांत देणं कंपनीला कायद्याने बंधनकारक होतं. आणि कमाईतला काही भाग सुपरव्हिजनसाठी बाजूला काढा. महिन्यातून एकदा मी एका ज्येष्ठ कोचसमोर माझी अडलेली कामं मांडते. वह्यांच्या त्या कामातही गप्प बसायचं बळ मला तिथूनच मिळालं होतं.

प्रत्येक काम घ्यायचं नसतं. बदलाच्या काळात काही कंपन्या कोच आणतात तो नंतर 'आम्ही संधी दिली होती' असं दाखवायला. म्हणून तिघांच्या बैठकीआधी मी वरिष्ठांना एकटं भेटते आणि सरळ विचारते, "हा माणूस तुम्हाला वर्षभराने इथे हवा आहे का?" उत्तर यायला वेळ लागला तर ते काम मी घेत नाही.