पावसाळी सल्ला : अळिंबीतले गुण पिकवणाऱ्याच्या हातात

पावसाळ्यात हवेतला ओलावा धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूमला) मानवतो आणि बेड, म्हणजे अळिंबी वाढवायच्या काडाने भरलेल्या पिशव्या, भराभर फुटतात. मात्र या दिवसांत वजनाइतकेच गुणवत्तेकडेही बघा. अळिंबी ज्यावर वाढते त्यातले वाईटही शोषून घेते. काडात किंवा पाण्यात शिसे, कॅडमियम असेल, तर ते फळात उतरते. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्यावर आलेल्या पिकाचे काड वापरू नका, काळे पडलेलेही नको. फळे दिसू लागल्यावर बेडवर कीटकनाशक मारू नका. माश्यांसाठी दारे-खिडक्यांना बारीक जाळी लावा आणि चिकट सापळे टांगा.

ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने, तंतू, पोटॅशियम, तांबे आणि रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वे असतात, मेद नावापुरता. पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन आणि कायटिन हे तंतुमय घटक असतात. कायटिनमुळे कच्ची अळिंबी पचायला जड जाते, त्यामुळे ती शिजवूनच खावी. एर्गोथायोनिन हे अँटिऑक्सिडंट माणसाचे शरीर बनवत नाही, ते अन्नातूनच मिळते, आणि धिंगरीत ते चांगल्या प्रमाणात असते.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळिंबीत ते जवळजवळ नसते. असतो तो एर्गोस्टेरॉल हा मेदासारखा घटक. ऊन लागले की त्यातल्या अतिनील किरणांमुळे त्याचे ड-२, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, होते. काढणीनंतर अळिंबीचे काप करून किंवा कल्ले (छत्रीखालच्या पातळ पट्ट्या) वर करून दुपारच्या उन्हात १५ ते ३० मिनिटे ठेवा. काचेआड ठेवून उपयोग नाही, काच हे किरण अडवते. पावसाने उघडीप दिली की हे काम आधी उरका. खर्च काही नाही, आणि माझ्या मते उत्पादकाने खाणाऱ्यासाठी करावे असे यासारखे दुसरे काम नाही.

छत्रीची कड वर वळण्याआधीच काढणी करा. उशीर झाला तर बीजाणू (अळिंबीचे धुळीसारखे बारीक बीजकण) झडतात आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून खोलीत तोंडावर मास्क हवाच.

पाकिटावर ‘कर्करोग बरा करते’, ‘मधुमेह घालवते’ असे काही छापू नका. अळिंबी उत्तम अन्न आहे, औषधाची जागा ती घेत नाही.

आणि पावसात रानात, बांधावर उगवलेल्या अनोळखी छत्र्या तोडून खाऊ नका, आपल्या मालात तर मुळीच मिसळू नका. अमॅनिटा या रानटी अळिंबीच्या जातीतल्या काहींचे विष शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. मधे बरे वाटले तरी यकृताची हानी चालूच असते. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा आणि उरलेला तुकडा सोबत न्या.