श्रमदानातून स्केट पार्क आणि झोपाळे

जास्त हातांची खरी गरज काँक्रीट ओतताना नसते, जमीन ठोकताना असते. वरची भुसभुशीत माती काढून टाका, १०० मिमी मुरूम-खडी भरा आणि पाणी शिंपडत धुम्मसाने घट्ट बसवा. इथे कंटाळा केला तर स्लॅब खचून चिरतो आणि त्या चिरेत चाक अडकून मूल तोंडावर आपटतं.

काँक्रीट किमान १०० मिमी जाड हवं. दर मीटरला १ ते २ सेंमी उतार द्या, नाहीतर पाणी साचेल. ओल्या काँक्रीटमधून वर आलेलं पाणी ओसरल्यावरच लोखंडी थापी फिरवा. घाईने ते आत घोटलं तर पुढे पापुद्रे सुटतात. २४ तासांच्या आत दर अडीच मीटरवर २५ मिमी खोल सांधे, म्हणजे सरळ खाचा, कटरने कापा. मग सात दिवस काँक्रीटवर ओलं गोणपाट, एकही दिवस न चुकवता.

रॅम्पच्या, म्हणजे स्केटिंगच्या चढाच्या, माथ्यावर कडेला बसवलेला पाइप कडेपेक्षा जेमतेम ६ मिमी वर असू द्या.

झोपाळे स्केटिंगपासून लांबच ठेवा. जमिनीपासून वरच्या दांडीपर्यंतच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी सोडा. खाली लाकडाच्या ढलप्यांचा ३० सेंमी थर पसरा, कारण तो दबतो. पायांनी खड्डा पडतो तिथे ढलप्या वरचेवर ओढून घ्या.