ओकच्या सांगाड्याचं शेतघर बांधताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये ओक या टणक लाकडाच्या झाडाच्या खांब-तुळयांच्या इमारती शतकानुशतकं टिकल्या आहेत. लंडनजवळचं हार्मंड्सवर्थचं धान्याचं कोठार १४२० च्या दशकातलं, आणि त्याचं बरंचसं लाकूड आजही मूळचंच आहे. आता राहतं घर आणि ऑफिस एकाच छपराखाली हवं असलेले लोक तिथे पुन्हा ओककडे वळतात. त्यांचे बहुतेक घोटाळे एकाच समजुतीतून होतात: सांगाडा उभा राहिला म्हणजे लाकूड स्थिरावलं.

ते अजून स्थिरावलेलं नसतं. आपल्याकडे सागवान मुरवून वापरतात; ओकचा सांगाडा मात्र ओल्या लाकडाचाच करतात, कारण वाळल्यावर ते कापणं आणि त्यात खोबणी काढणं फार कष्टाचं होतं. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा वाळण्याचा ठोकताळा आहे. म्हणजे आठ इंची खांब घरात राहायला गेल्यावरही कित्येक वर्षं वाळत असतो. तो लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदी-जाडीत मात्र आटतो.

म्हणूनच खांबांच्या मधल्या खणांत उष्णतारोधक भरून त्यालाच बाहेरची भिंत करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोन-तीन हिवाळ्यांत खांबालगत फट पडते, वारा आत येतो आणि घर गरम करणारा हीट पंप दिवसभर चालूनही घर ऊबदार होत नाही. त्यापेक्षा लाकडी तंतूंचे जाड बोर्ड सांगाड्याच्या बाहेरून सलग गुंडाळावेत. खांब-तुळया आतून दिसत राहतात आणि कोरड्याही राहतात. फट आधीच पडली असेल तर त्यात सिमेंट किंवा कडक पुट्टी भरू नका, ती पुन्हा सुटेल. दाबली जाणारी, स्वतः फुगणारी सीलिंग टेप बसवून वरून लाकडी पट्टी मारा.

खांबावर उभी चीर दिसली की लोक घाबरतात. लाकडाच्या रेषेत गेलेली चीर ही वाळण्याची खूण आहे, ती बुजवायची गरज नाही. पण सांधा उघडला असेल किंवा चीर लाकडी खुंटीच्या भोकातून गेली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. पहिल्या हिवाळ्यात हीटिंग एकदम चढवू नका. बाहेरचा थर झपाट्याने वाळला की चिरा मोठ्या होतात.

ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. साधा खिळा किंवा बोल्ट लावला तर तो गंजतो आणि भोवती निळे-काळे डाग पडतात, म्हणून स्टेनलेस स्टीलच वापरा. पडलेले डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतात (हातमोजे, चष्मा घालून, नंतर स्वच्छ पाण्याने धुवा). पावसात लाकडातून तपकिरी पाणीही उतरतं, तेव्हा अंगणातली फिकट फरशी शेवटी घाला. आणि लाकडाला चिकटून सिमेंटचा गिलावा नको. तो ओल कोंडतो, चुना ती बाहेर सोडतो.

आता कामाच्या खोलीविषयी, कारण नकाशात ती बहुधा शेवटी आठवते. उघड्या तुळयांवर थेट फळ्या ठोकल्या तर वरच्या पावलांचा आवाज खालच्या मीटिंगमध्ये ऐकू येतो. मध्ये आवाज शोषणारा थर हवा आणि त्याची जाडी खोलीच्या उंचीत आधीच धरायला हवी. दक्षिणेची काचेची त्रिकोणी भिंत देखणी असते, पण उन्हाळ्यात तिच्यामागे बसून काम होत नाही. इंग्लंडमध्ये नव्या घरांना जून २०२२ पासून अतितापाचा (घर आतून फार तापू नये याचा) नियमही लागू आहे. रुंद वळचण किंवा बाहेरून सावली द्या, आणि टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवा.

वायर आणि हवा खेळवणारे पाइप लपवायला इथे फॉल्स सीलिंग नसतं. सांधे कारखान्यातच कापले जातात, त्यामुळे प्रत्येक पाइपची वाट त्याआधी नकाशावर ठरलेली हवी. बसवलेल्या तुळईला नंतर भोक पाडायचं झालं, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका.