जुनी विंचेस्टर ९४ पारखताना

विंचेस्टर १८९४, म्हणजे खालचा लिव्हर ओढून काडतूस भरायची अमेरिकी रायफल (थोडक्यात ९४), समोर आली की नवखा माणूस आधी तिची चकाकी बघतो आणि तिथेच फसतो. जी बंदूक शंभर वर्षं शेतावर आणि घोड्याच्या खोगिरात वापरली गेली, तिच्यावर नळीपासून लिव्हरपर्यंत एकसारखी गडद निळाई (ब्लुइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) असेल, तर ती बहुधा नंतर कुणीतरी चढवलेली असते. या मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक बंदुका निघाल्या, त्यामुळे नुसत्या जुनेपणाला किंमत नाही. विंचेस्टरच्या न्यू हेवनमधल्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर जिला कुणी हात लावलेला नाही, तिलाच भाव मिळतो. पारख करताना म्हणून दोनच प्रश्न धरून चालावं: ही कारखान्यातून कशी निघाली, आणि त्यानंतर हिच्यावर काय काय झालं.

आधी बंदूक रिकामी आहे ना, ते बघा. तोंड मोकळ्या दिशेला धरून लिव्हर पूर्ण खाली ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीनं चाचपा. खालच्या नळकांडी मॅगझिनची स्प्रिंग दमलेली असेल तर काडतूस मधेच अडकून राहतं. त्यासाठी लिव्हर चार-पाच वेळा चालवा आणि उजव्या अंगाचं लोडिंग गेट दाबून आत फॉलोअरचं, म्हणजे स्प्रिंगपुढे काडतुसं ढकलणाऱ्या टोपणाचं, टोक दिसतं का, याची खात्री करा.

मग नंबर, म्हणजे बंदुकीचा अनुक्रमांक. ९४ चा नंबर रिसीव्हरच्या (नळी आणि दस्ता यांमधला, आत यंत्रणा असलेला धातूचा भाग) खालच्या अंगाला, पुढच्या टोकाशी असतो. साल ढोबळ लक्षात ठेवायला राष्ट्राध्यक्षांना भेट दिलेल्या बंदुका सोयीच्या आहेत. दहा लाखावी १९२७ मध्ये कूलिज यांना, पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रुमन यांना आणि वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना दिली. साधारण सत्तावीस लाखांच्या पुढे १९६४ नंतरचा माल सुरू होतो. तिथे खर्च वाचवण्यासाठी रचनाच बदलली. कातून काढलेल्या काही भागांच्या जागी पत्रा ठोकून केलेले भाग आले, भरीव पिनांच्या जागी पोकळ रोल-पिना आल्या आणि रिसीव्हरचा धातूही बदलला. हा धातू नेहमीच्या ब्लुइंगला दाद देत नाही, जांभळट पडतो. "प्री-सिक्स्टीफोर" (१९६४ च्या आधीची) हा शब्द विक्रेत्यांच्या तोंडी सतत असतो, तो याचमुळे.

नंबरावरून साल कळलं की बाकीची बंदूक त्या सालाशी जुळते का, ते तपासायचं. खरं काम इथे आहे. सुरुवातीला, १८९४ साली, ही रायफल .३२-४० आणि .३८-५५ या दोनच काडतुसांसाठी होती. .३०-३० आणि .२५-३५ पुढच्या वर्षी निकेल स्टीलच्या नळीसह आली. जुन्या बंदुकांवर .३०-३० साठी ".३० डब्ल्यू.सी.एफ." (विंचेस्टर सेंटर फायर) असा छाप असतो, ".३०-३० विन" हा छाप बराच नंतरचा. "मॉडेल १८९४" हे नावही पहिल्या महायुद्धानंतर "मॉडेल ९४" झालं. कार्बाइन म्हणजे २० इंची गोल नळी आणि तिच्यावर दोन पट्ट्या. रायफल म्हणजे २६ इंची गोल किंवा अष्टकोनी नळी, आणि पुढच्या लाकडाला पट्टीऐवजी धातूची टोपी. कार्बाइनच्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूची खोगिराची कडी १९२५ च्या सुमारास बंद झाली. बुटक्या चौथऱ्यावर बसवलेली समोरची माशी (नेम धरायचा उंचवटा) जाऊन उतरता रॅम्प आणि त्यावरची टोपी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे १९१० च्या नंबरावर रॅम्पवाली नळी दिसली तर नळी बदललेली आहे, बोलणंच संपलं. युद्धानंतर लगेच निघालेल्या काही कार्बाइनांची पुढची पट्टी सपाट आहे. संग्राहक त्यांना "फ्लॅट बँड" म्हणतात आणि थोडे जास्त पैसे मोजतात.

नळीची लांबी मोजताना टेप बाहेरून लावू नका. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद ठेवून तोंडातून लाकडी काठी आत सोडा, ती बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करा आणि काठी मोजा. २० इंचांच्या जागी पावणेवीस भरले तर तोंड कापून नव्यानं घडवलेलं असणार.

प्रूफ मार्क, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याचा कारखान्याचा शिक्का, हा नवशिक्याचा सगळ्यात भरवशाचा साथीदार. लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही अक्षरं असलेला शिक्का १९०५ पासून नळीवर आणि रिसीव्हरवर, दोन्हीकडे मारला जाऊ लागला. १९०५ च्या आधीच्या नंबरावर फक्त नळीला शिक्का असेल तर नळी मागाहूनची. दोन्हीकडे असेल तर बंदूक दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली असण्याची शक्यता मोठी, आणि अशी दुरुस्ती बाजारात बरीच खपवून घेतली जाते. लंबगोलात एकटा पी दिसला तर ती टपालानं सुटी विकलेली नळी, बाहेरच्या कुणा कारागिरानं बसवलेली.

आता निळाई. इथे घाई केली तर पैसे जातात. जुन्या काळी नळीवर हळूहळू गंज चढवून, उकळून, खरवडून रंग आणत. रिसीव्हर उष्णतेनं निळा करत. गरम क्षारांच्या द्रावणाची पद्धत १९३० च्या दशकाच्या अखेरीची. पद्धती वेगळ्या असल्यानं नळी आणि रिसीव्हर यांच्या छटा थोड्या वेगळ्या दिसणं स्वाभाविक आहे. शिवाय १९०० नंतरच्या कित्येक तुकड्यांत रिसीव्हरची निळाई पापुद्र्यांनी सुटते आणि खाली करडा किंवा तपकिरी धातू उघडा पडतो. नळी निळी आणि रिसीव्हर राखाडी, हे बघून नवखा बिचकतो, पण ते चांगलं लक्षण आहे. उलट नळी घासलेली, लिव्हर उघडी आणि रिसीव्हर मात्र शाईसारखा गडद, हे जमत नाही.

झीज जिथे हात लागतो तिथेच असायला हवी: रिसीव्हरच्या पुढच्या खालच्या कडांवर, कारण बंदूक तिथेच तोल साधून धरतात, लिव्हरच्या कमानीच्या आतून आणि नळीच्या तोंडाशी. कडी असेल तर तिनं डाव्या पृष्ठावर अर्धवर्तुळाकार ओरखडा काढलेला असतो. तो ओरखडा निळाईच्या वर असेल तर ठीक, खाली गेला असेल तर पुन्हा ब्लुइंग झालं. कडी जुनी आणि ओरखडा अजिबात नाही, हेही विचारायला लावणारं.

पुन्हा ब्लुइंग करण्याआधी पॉलिश करावं लागतं आणि पॉलिशच माग सोडतं. रिसीव्हरची सपाट बाजू ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. दिव्याची रेघ सरळ राहिली पाहिजे, लाटा दिसल्या तर पॉलिशच्या चाकावर धरली होती. पेचांच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झालेल्या असतात. कारखान्याच्या छापात अक्षरांच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, नखाला जाणवतो. पॉलिशनंतर तो जातो आणि बारीक अक्षरं अर्धवट पुसतात. खड्ड्यांच्या तळाशी निळाई दिसली तर आधी गंज आणि मग रंग, हा क्रम उघडच आहे.

लाकडाचं गणित सोपं: कारखान्यात अक्रोडाचा दस्ता धातूपेक्षा केसभर उंच ठेवत. टँगच्या (रिसीव्हरची मागे दस्त्यात गेलेली पट्टी) कडेला लाकूड धातूच्या खाली गेलं असेल तर दस्ता घासलेला आहे. टँगमागे बारीक चीर असते, तीही बघा. पेचांच्या खाचा चुरगळलेल्या असतील तर कुणीतरी भलत्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरनं आत जाऊन आलंय.

जादा भोकं ही सर्वांत महागडी जखम. टँगवर मागच्या साइटसाठी (नेम धरायचं साधन) भोकं जुन्या बंदुकांत मूळचीच असतात, छोट्या पेचांनी बुजवलेली. डाव्या बाजूला मागे रिसीव्हर साइटची दोन भोकं कारखान्यातून १९५० च्या दशकात येऊ लागली. त्याआधीच्या नंबरावर ती दिसली तर घरची ड्रिल चाललेली आहे. ९४ चं रिकामं काडतूस वर उडतं, त्यामुळे जुन्या काळी स्कोप (नेमाची दुर्बीण) बाजूला लावायचे आणि त्यासाठीही भोकं पडत. अशा बंदुकीला आमच्या मते संग्राहकाचा भाव लावूच नये, शिकाऱ्याचा लावावा.

नळीच्या आतल्या भागाला नवखे कमी वेळ देतात. मागून गज घालायची सोय नसल्यानं ९४ तोंडाकडून साफ केली जाते आणि वाकडा गज वर्षानुवर्षं घासून तोंडाशी खोबणी झिजवतो. ती झीज बारकाईनं बघा. जुन्या क्षारयुक्त प्राइमरांनी (काडतुसाच्या बुडातला पेट घेणारा भाग) नळ्या आतून खाल्लेल्या असतात, म्हणून आधी ब्रशनं साफ करायला परवानगी मागा, काळा मळ कधी खड्डे लपवतो तर कधी चांगली नळी. हाफ-कॉकवर (अर्धवट ओढलेल्या सुरक्षित खाचेवर) घोडा ठेवून चाप हलका दाबला तर घोडा पडता कामा नये. बंदूक चालवायची असेल तर हेडस्पेस गेजनं (बोल्ट बंद असताना काडतुसामागे उरणारी मोकळीक तपासणारं साधन) तपासून घ्या.

कागदपत्रांचं ठिकाण एकच: वायोमिंगमधल्या कोडी गावचं फायरआर्म्स म्युझियम. १८९४ मॉडेलची कारखान्याची नोंदवही तिथे नंबर १ पासून ३,५३,९९९ पर्यंत आहे, म्हणजे साधारण १९०७ पर्यंतची. फी भरली की काडतूस, नळीचा प्रकार, चाप, गोदामात आल्याची आणि बाहेर गेल्याची तारीख असं पत्र मिळतं. मालकाचं नाव सहसा नसतं. नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात २०१४ मध्ये झाडाला टेकवलेली विंचेस्टर १८७३ सापडली, तिच्याबद्दलही नोंदीतून १८८२ साल कळलं, पण ती कुणी ठेवली ते नाही. पत्राची मर्यादा लक्षात ठेवा: त्या नंबरानं काय बाहेर गेलं एवढंच ते सांगतं, समोरची बंदूक तीच आहे हे सांगत नाही. पत्र हातात ठेवून त्याबरहुकूम बंदूक जुळवणारे लोक आहेत. अष्टकोनी-गोल नळी, पिस्तूल ग्रिप, नक्षीचा दस्ता किंवा टेकडाउन (दोन तुकड्यांत सुटणारी रचना) असलेल्या खास ऑर्डरच्या बंदुकीत म्हणून बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) काढून बघायचा आग्रह धरा. लोअर टँग, दस्त्याचं लाकूड आणि बटप्लेटची आतली बाजू यांवर एकच असेंब्ली नंबर असायला हवा. १४ ते १८ इंची "ट्रॅपर" कार्बाइनांच्या नकलाही बऱ्याच आहेत, कारण २० इंची नळी कापणं सोपं. १६ इंचांखालच्या नळीवर अमेरिकेच्या संघीय कायद्याची वेगळी बंधनंही आहेत.

किंमत ठरवताना मूळ निळाई किती टक्के उरली, ते लिहा. एनआरएच्या (अमेरिकेची नॅशनल रायफल असोसिएशन) जुन्या बंदुकांच्या निकषांत सर्व भाग मूळचे आणि ८० टक्क्यांहून जास्त निळाई म्हणजे "एक्सलंट", ३० च्या वर "फाइन", त्याखाली "व्हेरी गुड". पुन्हा ब्लुइंग केलेल्या बंदुकीला शून्य टक्के धरा, कितीही सुंदर असली तरी. काडतुसांत .३०-३० सर्वांत सर्रास, .२५-३५ आणि .३८-५५ जास्त मागणीच्या. सोनेरी पट्ट्यांच्या स्मारक आवृत्त्या "लिमिटेड" म्हणून विकल्या जातात, पण १९६६ ची शताब्दी आवृत्तीच एक लाखाहून अधिक निघाली. भाव बघताना विक्रेत्यानं मागितलेला आकडा सोडा, लिलावात प्रत्यक्ष पडलेली बोली बघा आणि त्यात खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन धरलंय का, ते विचारा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला संघीय कायद्यानं सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक १९६८ च्या कायद्यानुसार "अँटिक" ठरते, पण राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात. शिवाय ९४ च्या सालांच्या जुन्या छापील याद्या आणि कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदी यांत मोठी तफावत आहे, त्यामुळे १८९८ च्या आसपासचा नंबर असेल तर पैसे देण्याआधी कोडीचं पत्र मागवून घ्या.