शिवाजी पूल बघायचा तर खालून बघा

कोल्हापुरात आलात की शिवाजी पुलावरून गाडी नेऊन ‘पूल बघितला’ म्हणू नका. वरून दिसतो तो नुसता रस्ता. गाडी पंचगंगा घाटाजवळ लावा, पायऱ्या उतरून पाण्याकाठी या आणि मग मान वर करा: ब्रिटिश काळातल्या त्या दगडी कमानी इथूनच खऱ्या कळतात. शेजारचा नवा पूल २०१९ पासून वाहतुकीला खुला आहे. फोटोत तो मध्ये आला, तर चार पावलं सरकायचं, एवढंच.

वेळ संध्याकाळची, महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. घाटावरची दगडी देवळं तेव्हा पाण्याबाहेर असतात. पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल घट्ट हवी. पावसाळ्यात मात्र आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पाणी पस्तीस फुटांवर गेलं की घाटाचा नाद सोडा.

जवळच ब्रह्मपुरीची टेकडी. तिथल्या उत्खननात सातवाहन काळातलं शहर उजेडात आलं. तिथला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा कांस्य पुतळा टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सोमवारी जाऊ नका, हेलपाटा पडेल.